अवकाशातल्या रेणूंची हजेरी



दर दोन-तीन वर्षांनी एक बातमी हमखास येते. कधी ‘अवकाशात साखर सापडली’, कधी ‘आकाशगंगेच्या मध्याजवळ रास्पबेरीचा स्वाद’, कधी ‘ताऱ्यांमधल्या ढगात दारूचा साठा’. अशीच एक बातमी मी नववीच्या वर्गात वाचून दाखवली होती. शेवटच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, आणायला कोण गेलं होतं?”

वर्ग हसला. मीही हसलो. पण प्रश्न अगदी रास्त होता. ज्या ढगाची ती बातमी होती तो आपल्यापासून साधारण २६ हजार प्रकाशवर्षं दूर आहे. १९७७ साली निघालेलं व्हॉयेजर-१ हे यान इतक्या वर्षांत जेमतेम एका प्रकाशदिवसाच्या अंतरापर्यंत पोचतंय. तेव्हा आणायला कोणी गेलं नव्हतं, पुढेही कोणी जाणार नाही. नमुना नाही, परीक्षानळी नाही, लिटमस कागद नाही. मग ‘सापडलं’ म्हणजे नेमकं काय झालं? आजचा पाठ या एका शब्दावर आहे. आणि त्यात माझी स्वतःची एक चूकही दुरुस्त करायची आहे. ती पुढे येईलच.

आधी जागा समजून घेऊ. दोन ताऱ्यांच्या मधली जागा पूर्ण रिकामी नसते. तिथे विरळ वायू असतो आणि अतिशय बारीक धूळ असते. काही ठिकाणी हा वायू गोळा होऊन ढग बनतात. ढग म्हटल्यावर श्रावणातला ढग डोळ्यांसमोर आणू नका. आपल्या भोवतीच्या हवेत एका घन सेंटिमीटरमध्ये सुमारे २५ वर अठरा शून्यं इतके रेणू असतात. अवकाशातल्या ‘दाट’ ढगात तेवढ्याच जागेत दहा हजार ते दहा लाख. प्रयोगशाळेतला उत्तम निर्वात पंपही एवढी पोकळी तयार करताना घाम गाळेल. तापमान म्हणाल तर थंड ढगात उणे २६३ अंश सेल्सिअसच्या आसपास.

अशा ठिकाणी रसायनशास्त्र चालेल असं फार काळ कोणाला वाटत नव्हतं. रेणू एकमेकांना भेटणार केव्हा, आणि भेटून काही बनलंच तर ताऱ्यांचे अतिनील किरण ते तोडून टाकणार! १९३७ ते १९४१ या काळात दोन अणूंचे तीन साधे रेणू ताऱ्यांच्या प्रकाशात ओळखले गेले, तेवढ्यावर विषय थांबला होता. मग रेडिओ दुर्बिणी आल्या. १९६३ मध्ये हायड्रॉक्सिल, १९६८ मध्ये अमोनिया, १९६९ मध्ये पाणी, आणि त्याच वर्षी फॉर्माल्डिहाइड. हाच अनेक अणूंचा पहिला सेंद्रिय रेणू. तुमच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत बरणीतला बेडूक ज्या द्रावणात ठेवलेला असतो, त्यातला हा पदार्थ. आज अवकाशात ओळखलेल्या रेणूंची यादी तीनशेच्या पुढे गेली आहे.

इथे एका शब्दाची गफलत टाळा. ‘सेंद्रिय’ म्हणजे सजीवांपासून आलेलं असं नव्हे, आणि सेंद्रिय गुळाच्या पाकिटावरचा सेंद्रियही नव्हे. रसायनशास्त्रात सेंद्रिय म्हणजे, ढोबळ मानाने, कार्बनी संयुग. आणि ‘जटिल’ म्हणजे? खगोलशास्त्रज्ञ कार्बन असलेल्या सहा किंवा अधिक अणूंच्या रेणूला जटिल म्हणतात. म्हणजे सहा अणूंचं मिथेनॉलसुद्धा जटिल! कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या सरांना सांगून बघा, ते हसतील. पण उणे २६३ अंशाला, जवळजवळ पोकळीत, सहा अणू एकत्र येणं ही काही लहान गोष्ट नाही.

आता मुख्य मुद्दा. रेणू ओळखायचा कसा?

वायूतला रेणू नुसता इकडेतिकडे धावत नाही, तो स्वतःभोवती गिरक्याही घेतो. भोवरा तुम्ही हवा तितका जोरात किंवा हळू फिरवू शकता. रेणूला ती मुभा नाही. तो ठरावीक वेगांनीच फिरू शकतो, मधल्या वेगाने नाही. जिन्यासारखं आहे हे. तुम्ही तिसऱ्या पायरीवर उभे राहाल किंवा चौथ्या, पण साडेतिसरी पायरी नसते. रेणू वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर उतरला की उरलेली ऊर्जा रेडिओ लहरीच्या रूपात बाहेर टाकतो. त्या लहरीची वारंवारता दोन पायऱ्यांमधल्या अंतरावर ठरते. आणि पायऱ्यांमधलं अंतर रेणूच्या आकारावर, कोणता अणू कुठे बसलाय यावर ठरतं.

सगळ्यात सोपं उदाहरण कार्बन मोनॉक्साइडचं. त्याच्या पहिल्या तीन रेषा ११५.२७, २३०.५४ आणि ३४५.८० गिगाहर्ट्झला येतात. पहिलीची दुप्पट, पहिलीची तिप्पट. आता जरा बारकाईने गुणाकार करा. ११५.२७१२ ची तिप्पट ३४५.८१३६ येते, पण प्रत्यक्ष रेषा ३४५.७९६० ला मिळते. किंचित कमी. का? रेणू जोरात फिरायला लागला की दोन अणूंमधला बंध थोडा ताणला जातो. जत्रेतल्या साखळीच्या पाळण्यातले पाळणे वेग वाढला की बाहेर फाकतात, तसाच प्रकार. एवढा सूक्ष्म ताणसुद्धा दुर्बिणीला दिसतो. मला विचाराल तर या संपूर्ण विषयातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट आहे.

म्हणूनच ही ओळख वजनापेक्षा बारीक असते. दोन कार्बन, चार हायड्रोजन, दोन ऑक्सिजन एवढे अणू घ्या. ते एका तऱ्हेने जोडले तर ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आंबट. दुसऱ्या तऱ्हेने जोडले तर मिथिल फॉर्मेट. तिसऱ्या तऱ्हेने ग्लायकोलाल्डिहाइड, जे शर्करांचं सगळ्यात धाकटं भावंड मानलं जातं. दहावीत ज्यांना आपण समघटक म्हणतो ते हे. तिघांचं रेणुवस्तुमान सारखंच, ६०. तराजूला तिघे एकच वाटतील. पण आकार वेगळे, म्हणून गिरक्या वेगळ्या, म्हणून रेषा वेगळ्या. हे तिन्ही समघटक एकाच ढगात ओळखले गेले आहेत: १९७५, १९९७ आणि २००० साली. त्या शेवटच्या शोधावरूनच ‘अवकाशात साखर’ हे मथळे आले. खरी साखर म्हणाल तर ती नव्हेच. पण मथळा लिहिणाऱ्याला ग्लायकोलाल्डिहाइड कसं परवडणार?

हा ढग म्हणजे सॅजिटेरियस बी-२. धनू राशीच्या दिशेला, आकाशगंगेच्या केंद्राजवळ. नाव लक्षात ठेवा, तो या गोष्टीतलं मुख्य गाव आहे.

आता कल्पना करा की दुर्बीण या ढगाकडे वळवली आणि कागदावर रेषांचा आलेख आला. शेकडो टोकं. यातली कोणती कोणाची?

इथे मला शाळेतली हजेरी आठवते. पटावर एखाद्या मुलाचं नाव आहे. मी नाव घेतलं, “हजर” असा आवाज आला. मुलगा वर्गात आहे असं धरायचं का? तुम्हाला आणि मला, दोघांनाही माहीत आहे की नाही. मित्राच्या नावाला “हजर” म्हणणारे प्रत्येक वर्गात असतात! एका आवाजावरून काही ठरत नाही. रेणूच्या बाबतीतही तेच. त्याच्या एका वारंवारतेला एक टोक दिसलं, एवढ्यावर तो तिथे आहे असं म्हणता येत नाही. ते टोक दुसऱ्याच रेणूचं असू शकतं.

मग खात्री कशी करतात? पहिली अट, पट बिनचूक हवा. म्हणजे त्या रेणूच्या रेषा नेमक्या कुठे येतात हे पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत, शुद्ध पदार्थ वायुरूपात घेऊन, मोजलेलं हवं. अंदाज चालत नाही.

दुसरी अट वेगाची. ढग आपल्यापासून दूर जात असेल तर सगळ्या रेषा थोड्या खाली सरकतात. रुग्णवाहिका पुढे निघून गेली की भोंग्याचा सूर उतरतो ना, तसंच. सॅजिटेरियस बी-२ च्या मुख्य गाभ्याचा वेग सेकंदाला सुमारे ६४ किलोमीटर आहे. म्हणजे १०० गिगाहर्ट्झची रेषा साधारण २१ मेगाहर्ट्झ खाली मिळायला हवी. त्यात पृथ्वी स्वतः सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरने धावतेय, म्हणून मार्चमधली आणि सप्टेंबरमधली मोजणी तशीच जुळणार नाही. तो हिशेब आधी वजा करावा लागतो. हे सगळं केल्यावर त्या रेणूच्या प्रत्येक रेषेचा वेग एकच निघाला पाहिजे. एक रेषा ६४ सांगते आणि दुसरी ७५, तर कुठेतरी पाणी मुरतंय.

तिसरी अट उंचीची. ढगाचं तापमान माहीत असेल तर कोणत्या पायरीवर किती रेणू असतील आणि त्यामुळे कोणती रेषा किती ठळक असेल, याचं गणित मांडता येतं. हे प्रमाण जुळलं पाहिजे.

आणि चौथी, सगळ्यात कडक अट. जी रेषा दिसायलाच हवी ती दिसली पाहिजे. ठळक असायला हवी अशी एकही रेषा गैरहजर असेल, आणि तिच्या गैरहजेरीला काही सबळ कारण नसेल, तर बाकीच्या पंचवीस “हजर” आवाजांना किंमत राहत नाही.

ही शेवटची अट कागदावर सोपी वाटते. माणसाच्या मनाला ती अजिबात सोपी नाही. आपल्याला जुळलेलं मोजायची सवय असते, न जुळलेलं मोजायची नसते.

अडचण अशी की रेणू जितका मोठा तितकं हे काम अवघड. एक किलो पेढे दहा जणांत वाटले तर प्रत्येकाच्या हातात काहीतरी येतं. हजार जणांत वाटले तर वासच येईल. छोट्या रेणूच्या जिन्याला मोजक्या पायऱ्या. मोठ्या रेणूच्या जिन्याला हजारो, त्यामुळे प्रत्येक पायरीवर थोडेच रेणू आणि प्रत्येक रेषा क्षीण. त्यात सॅजिटेरियस बी-२ सारख्या ढगात मिथिल फॉर्मेट, इथिल सायनाइड, डायमिथिल ईथर असे काही रेणू मुबलक आहेत. त्यांच्या रेषा सगळीकडे माजलेल्या. संशोधक त्यांना चक्क ‘तण’ म्हणतात. पिकात तण माजलं की हरभऱ्याचं एक रोप शोधायचं तर आधी सगळं निंदावं लागतं. इथे निंदणं म्हणजे, प्रत्येक ओळखीच्या रेणूच्या रेषा गणिताने आलेखातून वजा करणं.

गर्दी किती, त्याचा अंदाज देतो. या ढगाच्या सर्वांत समृद्ध भागात तीन मिलिमीटर तरंगलांबीच्या आसपास दर गिगाहर्ट्झला साधारण १०० रेषा मोजल्या गेल्या आहेत. म्हणजे १०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात दहा. प्रत्येक रेषा समजा तीन मेगाहर्ट्झ रुंद. १०० पैकी ३० मेगाहर्ट्झ आधीच भरलेले! आता डोळे मिटून पेन्सिलीने कुठेही खूण करा. दहातल्या तीन वेळा ती कोणत्या ना कोणत्या रेषेवर पडेलच. लक्षात येतंय ना, योगायोग किती स्वस्त आहे ते?

आता माझ्या चुकीकडे येतो.

सगळ्यांना शोधायचा असलेला रेणू म्हणजे ग्लायसीन. दहा अणूंचं, सगळ्यात साधं अमिनो आम्ल. अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनांच्या माळेतले मणी. हा मणी ताऱ्यांमधल्या ढगात मिळाला, तर सजीवांचं काही सामान पृथ्वी जन्मण्याच्याही आधी तयार होऊ शकतं असं म्हणता येईल. पण ग्लायसीन मोठं हट्टी. ते साध्या तापमानाला पांढरी भुकटी असतं आणि तापवलं तर मुकाट्याने वाफ होण्याऐवजी विघटित होतं. त्यामुळे त्याचा ‘पट’ तयार करायलाच १९७८ साल उजाडलं. त्यानंतर लगेचच आकाशात शोध सुरू झाला आणि वर्षामागून वर्षं रिकाम्या हाताने गेली.

२००३ मध्ये यी-जेंग क्वान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केलं की ग्लायसीन सापडलं. तीन ढगांत: सॅजिटेरियस बी-२, मृग नक्षत्रातला एक तप्त ढग, आणि गरुड तारकासमूहातला डब्ल्यू-५१. वेगवेगळ्या १९ पट्ट्यांत मिळून २७ रेषा. सत्तावीस! मी बातमी वाचली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर ग्लायसीनची रचना काढून सांगितलं, “मुलांनो, जीवनाचा मणी अवकाशात सापडला.” मुलांचे चेहरे मला अजून आठवतात.

त्या २७ रेषा कुठल्या तरी एका किंवा अधिक ढगांत दिसल्या होत्या, सगळ्या सगळीकडे नाही. हे वाक्य मी तेव्हा वाचलं असतं तरी त्याचं वजन मला कळलं नसतं.

ज्यांना ते कळलं त्यांत लुईस स्नायडर होते. हे तेच, ज्यांनी १९६९ मध्ये सहकाऱ्यांबरोबर फॉर्माल्डिहाइड शोधलं होतं. ग्लायसीनच्या मागे ते स्वतः कित्येक वर्षं होते. म्हणजे ग्लायसीन सापडावं असं मनापासून वाटणाऱ्यांपैकीच एक. २००५ मध्ये त्यांच्या गटाने त्या दाव्याची कसून तपासणी छापली. त्यांनी काय केलं? हजेरी उलटी घेतली. ज्या रेषा दिसल्या म्हणतात त्या खऱ्या असतील, तर त्याच गणिताने आणखी कोणत्या रेषा ठळक दिसायला हव्यात ते काढलं आणि त्या शोधल्या. कळीच्या रेषा मिळाल्याच नाहीत. शिवाय ग्लायसीनच्या नावावर टाकलेल्या रेषांपैकी काही दुसऱ्याच, नेहमीच्या रेणूंच्या असण्याची शक्यता जास्त आहे, हेही त्यांनी दाखवलं. त्यानंतर ऑस्ट्रेलियातल्या दुर्बिणींनी शोध घेतला, तिथेही ग्लायसीन आढळलं नाही. ताऱ्यांमधल्या ढगातलं ग्लायसीन आजवर सर्वमान्य झालेलं नाही.

पहिल्या गटाने लबाडी केली होती असं मात्र मुळीच समजू नका. रेषा खऱ्या होत्या, मोजमापं खरी होती. नावं चुकीच्या खात्यावर पडली, एवढंच. आणि मी? २००५ चा तो लेख माझ्यापर्यंत पोचायला बरीच वर्षं गेली. शोधाची बातमी पहिल्या पानावर येते, खुलाशाची येतच नाही. माझ्या त्या वर्गातली मुलं आता तिशी ओलांडून गेली. त्यातल्या कोणी हे वाचत असेल, तर बाबांनो, वहीतलं ते वाक्य खोडा.

हजेरीच्या वेळी याच्या उलटही होतं. वर्गात एक मूल बसलेलं आहे, पण पटावर नावच नाही. १९७० मध्ये डेव्हिड बुल आणि याच स्नायडर यांना ८९.१९ गिगाहर्ट्झला एक ठसठशीत रेषा अनेक ढगांत मिळाली. ती कोणत्याही माहीत रेणूची नव्हती. त्यांनी तिला ‘एक्सोजेन’ असं नाव देऊन टाकलं. विल्यम क्लेम्परर यांनी तर्क केला की हा हायड्रोजन, कार्बन, ऑक्सिजन असा धनप्रभारित आयन असावा. प्रयोगशाळेत तो बनवून, त्याची रेषा मोजून खात्री व्हायला १९७५ उजाडलं. तोवर कोणीही घाईने दुसरं नाव चिकटवलं नाही. अशा अनोळखी रेषा आजही प्रत्येक मोठ्या आलेखात शिल्लक असतात.

आता आपल्या अंगणात येऊ. पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे हे तुम्हाला माहीत असेल. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. सहलीला गेलात तर आधी वाटेल, ही तबकडी जाळीची का? लांब लहरींना बारीक भोकं जाणवतच नाहीत, म्हणून. १०६५ मेगाहर्ट्झची लहर जवळपास २८ सेंटिमीटर लांब असते, म्हणजे तुमच्या वहीपेक्षा लांब.

हा १०६५ आकडा मी उगाच घेतलेला नाही. ॲसिटाल्डिहाइड या सात अणूंच्या रेणूची एक रेषा बरोबर तिथे येते. पिकलेल्या फळांच्या वासात हा पदार्थ असतो. २००३ मध्येच, म्हणजे ग्लायसीनची बातमी गाजत होती त्याच वर्षी, जयराम चेंगलूर आणि निस्सिम कानेकर यांनी खोडदच्या या दुर्बिणीने सॅजिटेरियस बी-२ मधल्या ॲसिटाल्डिहाइडचा नकाशा काढला. रेणू तिथे आहे हे आधीपासून माहीत होतं. प्रश्न वेगळा होता: ढगात तो नक्की कुठे आहे? ॲसिटोन, मिथिल फॉर्मेट, ॲसिटिक आम्ल ही मंडळी त्या ढगातल्या एका छोट्याशा तप्त गाभ्यात गर्दी करून बसलेली. पण ॲसिटाल्डिहाइड त्याच्या किमान शंभरपट मोठ्या भागात पसरलेलं निघालं.

असं का? धुळीच्या प्रत्येक कणावर बर्फाचा पातळ थर असतो. गोठलेल्या कार्बन मोनॉक्साइडवर हायड्रोजनचे अणू एकेक करून चिकटत गेले की आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग मिथेनॉल बनतं. पुढचे काही रेणूही या थरांतच तयार होतात. नव्या ताऱ्याजवळ ऊब मिळाली की हा थर उडून जातो आणि आत साठलेले रेणू वायूत येतात. म्हणून तप्त गाभ्यात गर्दी. पण ऊब नसलेल्या भागातही धक्कालहरींनी हा थर झडू शकतो. ॲसिटाल्डिहाइडच्या पसाऱ्यामागे अशा धक्क्यांचा मोठा हात असावा, असं त्या नकाशावरून दिसलं. या शोधाला मथळा मिळाल्याचं मला आठवत नाही. त्या वर्षी मी वर्गात सांगायला हवी होती ती गोष्ट ही. शाळेपासून एसटीने जाता येईल इतक्या जवळची!

अलीकडच्या वर्षांत शोधाचं केंद्र थोडं सरकलंय, ते वृषभ राशीतल्या टीएमसी-१ या थंड, शांत ढगाकडे. तिथल्या रेषा अतिशय अरुंद, त्यामुळे गर्दी कमी. २०१८ मध्ये तिथे बेंझोनायट्राइल ओळखलं गेलं. बेंझीनच का नाही? कारण बेंझीनचं षटकोनी कडं पूर्ण सममित. त्याला धन टोक नाही, ऋण टोक नाही, आणि अशा रेणूच्या गिरक्यांमधून रेडिओ लहर निघतच नाही. वर्गातलं अगदी अबोल मूल. कार्बन-नायट्रोजनचं एक शेपूट जोडलं की ते बोलायला लागतं. हीच युक्ती वापरून २०२१ मध्ये दोन कड्यांचे आणि २०२४ मध्ये चार कड्यांचे रेणू तिथे ओळखले. यातला शेवटचा, सायनोपायरीन, २७ अणूंचा आहे. २०२१ च्या शोधात एकेकटी रेषा गोंगाटाच्या वर येईना, म्हणून अपेक्षित जागांवरचे अनेक तुकडे एकावर एक रचून त्यांची बेरीज पाहिली. पद्धत प्रभावी आहे. पण बेरीज म्हणजे सामूहिक “हजर”, प्रत्येकाचा चेहरा नव्हे. म्हणून पट बिनचूक असणं इथे दुप्पट महत्त्वाचं.

आणि ग्लायसीनचं काय? ते अवकाशात नाहीच का? आपल्या सूर्यमालेत आहे. २०१६ मध्ये रोझेटा यानाने ६७-पी या धूमकेतूभोवतीच्या वायूत ते असल्याचं जाहीर झालं. बेन्नू या लघुग्रहावरून २०२३ मध्ये सुमारे १२२ ग्रॅम माती पृथ्वीवर आली. प्रथिनांतल्या वीस अमिनो आम्लांपैकी चौदा त्या मातीत मिळाली, ग्लायसीन त्यातलंच एक. शेवटच्या बाकावरच्या माझ्या विद्यार्थ्याला सांगायला हवं, की बघ, इथे खरोखर आणायला गेले होते! पण बेन्नूचा मूळ खडक तयार होताना त्यात पाणी होतं, ऊब होती. तिथलं ग्लायसीन त्या खडकात बनलं की त्याआधीच्या ढगातून आलं, हे मातीवरून सरळ सांगता येत नाही. ते सांगण्यासाठी ढगातच हजेरी घ्यावी लागेल. ग्लायसीनच्या घरचा एक नातेवाईक, अमिनोॲसिटोनायट्राइल, सॅजिटेरियस बी-२ मध्ये २००८ साली रीतसर ओळखला गेलाय. पाण्याशी अभिक्रिया होऊन त्याचं ग्लायसीन होऊ शकतं. म्हणजे दारापर्यंत पोचलोय. दार अजून उघडलेलं नाही.

स्वाध्याय

१) ॲसिटाल्डिहाइडची रेषा १०६५ मेगाहर्ट्झला येते. ढग सेकंदाला ६४ किलोमीटर वेगाने दूर जात असेल, तर रेषा किती सरकेल? (प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर धरा. उत्तर पाव मेगाहर्ट्झपेक्षा किंचित कमी आलं पाहिजे.)

२) एका काल्पनिक रेणूच्या पाच ठळक रेषा अपेक्षित आहेत. आलेखात चार दिसतात. पाचव्या जागी आलेख सपाट आहे, तिथे दुसरी कोणतीही रेषा नाही. तुम्ही ‘सापडला’ म्हणाल का? आता पाचव्या जागी दुसऱ्या एका रेणूची प्रचंड रेषा उभी असेल आणि तिच्याखाली काय आहे ते दिसतच नसेल, तर तुमचं उत्तर बदलेल का? दोन्ही उत्तरं कारणांसह वहीत लिहा.

३) ॲसिटिक आम्ल, मिथिल फॉर्मेट आणि ग्लायकोलाल्डिहाइड यांच्या रचना शेजारी शेजारी काढा. नुसतं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राला यांतला फरक का कळणार नाही, ते शेजारच्याला तोंडी समजावून सांगा.